फ्रीलान्स ड्रोन पायलटला योग्य मोबदला कसा मिळेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगली जिल्ह्यात राहतो. लग्नाचं शूटिंग, दगडखाणींची मोजणी आणि उसावरची फवारणी अशी तिन्ही प्रकारची कामं मी केली आहेत, अजून करतो. प्रशिक्षण संपवून नुकतीच बाहेर पडलेली मुलं-मुली फोन करतात, तेव्हा उडवण्याबद्दल फारसं विचारत नाहीत. ते सगळं त्यांना येत असतं. विचारतात ते पैशांबद्दल. तेच प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. हिशोबातले आकडे उदाहरणाचे आहेत, त्यांच्या जागी स्वतःचे घाला.

दादा, दिवसाचे किती घेऊ?

बाजारात काय चाललंय हे आधी विचारू नका. आधी स्वतःचा वर्षाचा खर्च कागदावर मांडा, कारण आपला दर दिवसावर ठरत नाही, वर्षावर ठरतो.

समजा ड्रोन, जादा बॅटऱ्या, फिल्टर आणि बॅग मिळून २,४०,००० रुपये गेले आणि हे सामान तीन वर्षं टिकेल असं धरलं. म्हणजे वर्षाचे ८०,०००. लॅपटॉप ९०,००० चा, तोही तीन वर्षांचा, म्हणजे ३०,०००. विमा २०,०००. पंखे, गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा भाग) आणि किरकोळ दुरुस्ती २५,०००. सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क, इंटरनेट आणि फोन २५,०००. प्रशिक्षणाच्या फीचा वाटा ५,०००. हिशोबनीस आणि इतर कागदपत्रं १०,०००. झाले १,९५,०००. यात घरखर्च अजून आलेला नाही. तो महिन्याला ३५,००० धरला तर वर्षाचे ४,२०,०००. बुडीत बिलं आणि एखादा अपघात यासाठी ६०,००० बाजूला ठेवायचे. एकूण ६,७५,०००.

आता पैसे मिळणारे दिवस मोजा. शूटिंगवाल्याची कमाई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते आणि आषाढ लागला की आटते. मध्ये पौष आहे, परीक्षा आहेत, वाऱ्याचे दिवस आहेत. एका दिवसाच्या शूटिंगमागे एडिटिंग, प्रवास आणि फोनाफोनीचा निदान एक दिवस जातो, त्याचे कुणी पैसे देत नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत ९० दिवस भरले तरी चांगलं म्हणायचं. ६,७५,००० भागिले ९०, म्हणजे ७,५०० रुपये. हा तुमचा तळाचा दर. याच्या खाली घेतलेलं काम आपण घरातून पैसे घालून करतो, फक्त ते त्या दिवशी दिसत नाही. तीन वर्षांनी ड्रोन बदलायची वेळ आली आणि खात्यात काहीच नसलं की मग दिसतं.

पण आमच्याकडे चार हजारांत उडवणारे आहेत. साडेसात कोण देणार?

चार हजारांनी ९० दिवस केले तर ३,६०,००० येतात. वरचा १,९५,००० चा खर्च वजा केला की हातात राहतात १,६५,०००, म्हणजे महिन्याला १३,७५०. एखाद्या मुलाचं घर शेतीवर किंवा वडिलांच्या पगारावर चालत असेल, तर तो दोन वर्षं हे सोसू शकतो. त्याच्याशी दरात स्पर्धा करणं म्हणजे त्याच्या वडिलांच्या पगाराशी स्पर्धा करणं.

दर कमी करण्याऐवजी काम कमी करा. ग्राहकाचं बजेट खरंच पाच हजारांचं असेल, तर पाच हजारांत जेवढं बसतं तेवढंच द्या: अर्धा दिवस, एकच जागा, एडिटिंग नाही. पूर्ण दिवसाचं काम अर्ध्या दिवसाच्या पैशांत एकदा केलं, की तो ग्राहक आणि त्याने पाठवलेले पुढचे सगळे ग्राहक तेच मागतात.

परवाना नसलेला माणूस निम्म्या दरात करतो. त्याचं काय?

व्यवसायासाठी २५० ग्रॅमहून जड ड्रोन उडवायला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं, हे ड्रोन नियम २०२१ मध्ये स्पष्ट आहे. २५० ग्रॅम ते २ किलोच्या मायक्रो ड्रोनला सूट आहे ती बिगर-व्यावसायिक वापरासाठी. लग्नाचे पैसे घेतले की तो व्यवसाय झाला. ड्रोनला यूआयएन, म्हणजे सरकारी नोंदणीचा नंबर हवा आणि नॅनोपेक्षा (२५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनपेक्षा) मोठ्या ड्रोनला थर्ड पार्टी विमा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमाही हवा.

तक्रार करत बसण्यापेक्षा ही कागदपत्रं कोटेशनला जोडायची सवय लावा. सर्टिफिकेटची प्रत, यूआयएन, विम्याची पॉलिसी. कारखाना, बांधकाम कंपनी किंवा शाळा असेल तर त्यांना याचा अर्थ लगेच कळतो: मंडपात ड्रोन पडून कुणाचं डोकं फुटलं, तर भरपाई कुठून येणार हे त्यांना आधीच माहीत असतं. घरगुती ग्राहकाला हेच एका वाक्यात सांगा, घाबरवू नका. सगळेच ऐकतील असं नाही. पण जे ऐकतात ते पुढे दरासाठी घासाघीस कमी करतात, हा माझा अनुभव आहे.

फोटोग्राफर म्हणतो, "फक्त दोन तास ये." तासाचा दर लावू का?

नको. दोन तास म्हणजे वरात आणि अक्षता. मुहूर्त १२:३५ चा असला तरी आपण साडेनवाला हॉलवर असतो, वरात तासभर उशिरा निघते, आणि शेवटी "नवरा-नवरीचा एक शॉट बाहेर घेऊ" म्हणत चार वाजतात. त्या दिवशी दुसरं काम घेता येत नाही. म्हणून कमीत कमी अर्ध्या दिवसाचा दर, वेळ हॉलवर पोचल्यापासून मोजायची, आणि ठरलेल्या वेळेनंतर प्रत्येक तासाला जादा. हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या आणि समोरच्याचा "ओके" आला की मगच तारीख पक्की करा.

फोटोग्राफर लोकांबद्दल माझ्या मनात राग नाही. आपली निम्मी कामं तेच देतात. पण पार्टीकडून ड्रोनचे किती घेतले हे ते सांगत नाहीत, आणि आपणही विचारू नये. आपला दर आपल्या खर्चातून आला पाहिजे, त्यांच्या नफ्यातून नाही.

अ‍ॅडव्हान्स किती घ्यावा? पावसाने काम रद्द झालं तर?

तारीख पक्की करताना निम्मे. आमच्याकडे लोक बँडवाल्याला, आचाऱ्याला, मंडपवाल्याला बिनतक्रार विसार देतात. आपण मागायला लाजतो म्हणून आपल्याला मिळत नाही.

रद्द करण्याचा नियम मी असा ठेवला आहे: दोन दिवस आधी कळवलं तर अ‍ॅडव्हान्स पुढच्या तारखेला वळता करतो. आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी रद्द केलं, तर अ‍ॅडव्हान्स माझा. जागेवर पोचल्यावर पाऊस किंवा जोराचा वारा आला, तर अर्ध्या दिवसाचा दर आणि गाडीखर्च. उडवायचं की नाही हे मीच ठरवणार, हेही त्यातच लिहिलेलं असतं. हे वाक्य गाळू नका. ते नसलं, तर "थोडंसं उडव की" म्हणणाऱ्या मामांपुढे आपलं काही चालत नाही.

परवानगी काढायचा खर्च कुणाचा?

ग्राहकाचा, आणि कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत. ग्रीन झोन म्हणजे सरकारी नकाशावरचा मोकळा भाग, तिथे ४०० फुटांपर्यंत उडवायला परवानगी लागत नाही. पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते, आणि ५ ते ८ किलोमीटरमध्ये जमिनीपासूनच यलो झोन लागतो, म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोलची परवानगी हवी. पुण्यात लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे. तिथल्या आसपासचं काम "हो, करू" म्हणून घ्यायचं नसतं. आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघा, मग दर सांगा.

मुंबईत पोलीस वेळोवेळी आदेश काढून ड्रोनवर बंदी घालतात. शिवाय स्थानिक पोलीस एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन, म्हणजे ड्रोनला बंद भाग, करू शकतात. सभा, मिरवणूक किंवा मोठ्या नेत्याचा दौरा असेल, तर हे हमखास आडवं येतं. परवानगी नाकारली गेली तरी अर्जाची धावपळ आपण केलेली असते, तिचे पैसे परत करायचे नाहीत.

फवारणीत एकरी ५०० मिळतात, दिवसाला २० एकर होतात. म्हणजे रोजचे दहा हजार ना?

हा हिशोब ऐकून कर्ज काढलेली मुलं मी पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा बॅटरीचा जोड ५०,००० चा आहे आणि ३०० वेळा चार्ज होतो. एका एकराला जोडाचं एक चार्जिंग संपलं, तर एकरी १६७ रुपये निव्वळ बॅटरीचे. मदतनीस दिवसाचे ७०० घेतो. पिकअपचं डिझेल आणि जनरेटर मिळून २,०००. गावातला जो माणूस शेतकरी जमवून देतो, तो एकरी ५० घेतो. २० एकर झाले तर खर्च पडतो एकरी १६७ अधिक ३५ अधिक १०० अधिक ५०, म्हणजे ३५२. उरले १४८, दिवसाचे २,९६०. त्यातून ड्रोनची झीज, पंपाचे आणि नोझलचे भाग, विमा आणि आपली मजुरी.

आता तोच दिवस वेगळा धरा. एक शेत या टोकाला, दुसरं ओढ्यापलीकडे, तिसऱ्याचा मालक औषध आणायला तालुक्याला गेलेला. नऊच एकर झाले. बॅटरी १६७ च, पण मदतनीस ७८, गाडी आणि जनरेटर २२२, जमवणारा ५०. एकरी ५१७. पाचशेच्या दराने तुम्ही प्रत्येक एकरामागे १७ रुपये पदरचे घातले, आणि दिवसभर उन्हात उभे राहिलात.

म्हणून फवारणीत दरापेक्षा सलग क्षेत्र महत्त्वाचं. मी एका शिवारात किमान १५ एकर जमल्याशिवाय गाडी काढत नाही. कमी असेल तर हेलपाट्याचे वेगळे पैसे सांगतो. पाणी आणि औषध शेतकऱ्याने बांधावर तयार ठेवायचं, हेही आधीच सांगतो. ऊस डोक्याच्या वर गेला की पाठीवरचा पंप घेऊन आत शिरता येत नाही, तिथे शेतकऱ्याला ड्रोनची खरी गरज असते. तिथे दर थोडा जास्त सांगायला संकोच करू नका. सोयाबीनला पंपाने फवारणारी माणसं मिळतात, तिथे तो दर टिकणार नाही.

ड्रोन दीदींमुळे दर पडले, असं म्हणतात. खरं आहे का?

नमो ड्रोन दीदी या सरकारी योजनेत महिला बचत गटाला ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये मदत मिळते. ज्याने स्वतःच्या कर्जावर ड्रोन घेतला, त्याच्या एकरी खर्चात हप्ता असतो, गटाच्या खर्चात तो जवळपास नसतो. त्यामुळे त्यांचा दर खाली राहू शकतो, हे खरं आहे.

पण त्या ताईंना मी आवर्जून सांगतो की तुम्हीही झिजेचे पैसे एकरामागे वेगळे काढा. पुढचा ड्रोन स्वतःच्या पैशांनी घ्यायचा आहे असं धरूनच दर लावा. आमच्या तालुक्यात एका गटाशी मी बोलून घेतलं आहे. त्यांच्या दोन-तीन गावांत मी जात नाही, आणि मोठं क्षेत्र आलं की दोघे मिळून करतो, एकाच दराने. एकमेकांचे दर पाडून शेतकऱ्याचाही फायदा होत नाही. दुसऱ्या हंगामात दोघांपैकी एकजण बंद पडलेला असतो आणि ऐन किडीच्या वेळी ड्रोन मिळत नाही.

सर्व्हेचं काम एकरावर घ्यावं की दिवसावर?

दोन्हीवर नाही, काय द्यायचं आहे त्यावर. समजा ४० एकर आहेत: त्यांचा नुसता ऑर्थोमोझेक (फोटो जोडून केलेला नकाशा) द्यायचा असेल तर वेगळं काम, आणि कंटूर (समान उंचीच्या रेषा), घनफळ व अहवाल द्यायचा असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ. ग्राउंड कंट्रोल पॉइंट (जमिनीवरच्या अचूक मोजलेल्या खुणा) कोण घेणार, त्या मोजणाऱ्या डीजीपीएस यंत्राचं भाडं कुणाचं, पिक्सेल जमिनीवर किती सेंटिमीटरचा हवा, उंचीत किती चूक चालेल, फाइल कोणत्या स्वरूपात, हे विचारल्याशिवाय आकडा सांगू नका. ओव्हरलॅप, म्हणजे एक फोटो दुसऱ्यावर किती चढतो ते, ७० वरून ८० टक्क्यांवर नेला की फोटो आणि प्रोसेसिंगचे तास दोन्ही वाढतात. ड्रोन हवेत ४० मिनिटं असतो, लॅपटॉप रात्रभर चालतो, आणि चुका शोधायला आपण दोन दिवस बसतो.

शेताच्या बांधाच्या भांडणात "ड्रोनने मोजून द्या" म्हणणारे खूप येतात. हद्दीची अधिकृत मोजणी भूमी अभिलेख खातं करतं. आपला नकाशा त्याची जागा घेत नाही हे आधी सांगा, बिलावरही लिहा.

ड्रोन कंपनीचा, मी फक्त पायलट. मग दर कमी घ्यायचा का?

घ्यायला हरकत नाही, तुमच्या खर्चातून ड्रोन आणि विमा वजा होतो. पण पडला तर कोण भरणार हे लिहून घेतल्याशिवाय रिमोट हातात घेऊ नका. उसाच्या एका फडात विजेच्या खांबांमधली सगळ्यात वरची बारीक तार मला दिसली नाही. ड्रोन खाली आला. ज्यांच्यासाठी काम करत होतो त्यांनी दुरुस्तीचे पैसे माझ्या महिन्याच्या बिलातून कापले, कारण कागदावर काहीच नव्हतं. चूक माझी होती, हे मी मान्य करतो. पण त्या शेतात तारा आहेत हे सकाळी कुणी सांगितलं नव्हतं, आणि विमा ज्यांच्या नावाने होता त्यांनी दावाच केला नाही. आता मी एकच ओळ घालतो: निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय ड्रोनच्या नुकसानीची जबाबदारी पायलटची नाही, आणि जागेची पाहणी दोघांनी मिळून करायची.

काम झालं, बिल दिलं, चार महिने पैसे नाहीत. काय करू?

उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी आहे का, हा माझा पहिला प्रश्न असतो. नसेल तर आज करा. ती ऑनलाइन आणि फुकट आहे, आधार आणि पॅन लागतं.

सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २००६ चा एमएसएमईडी कायदा आहे. त्यानुसार लेखी करार नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत, आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करारात "९० दिवसांनी पेमेंट" लिहिलेलं असलं तरी कायद्याची मर्यादा ४५ चीच. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं. तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते, आणि ती तुमच्या भागातल्या फॅसिलिटेशन कौन्सिलपुढे, म्हणजे थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळापुढे चालते, देणेकरी दिल्लीचा असला तरी. निकाल लगेच लागतो असं नाही. पण त्याआधी पाठवलेल्या साध्या पत्रानेही बरीच बिलं सुटतात. एप्रिल २०२४ पासून वेळेत न दिलेली अशी रक्कम देणाऱ्या कंपनीला आयकरासाठी त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही, त्यामुळे मार्चच्या सुमाराला कंपन्यांचे अकाउंटंट स्वतःहून उद्यम नंबर विचारायला लागले आहेत. बिलावर तो ठळक छापा.

नोंदणी कामाच्या आधी हवी. हे मी फार महाग शिकलो. रस्त्याच्या एका सर्व्हेचं १,१२,००० चं बिल सात महिने अडकलं होतं. नोंदणी केली ती काम संपल्यानंतर, आणि त्या बिलाला या कायद्याचा उपयोग नाही असं वकिलांनी सांगितलं. शेवटी ८०,००० वर तडजोड केली. त्या महिन्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, थांबायला वेळ नव्हता. तेव्हापासून सर्व्हेचं काम असलं की आधी निम्मे, कमी प्रतीचा नकाशा दाखवल्यावर उरलेले, आणि पूर्ण फाइल पैसे जमा झाल्यावर.

टीडीएस कापला म्हणजे ते पैसे गेले का?

नाही. टीडीएस म्हणजे बिल देतानाच कापलेला आयकर. ते पैसे तुमच्या पॅनवर जमा होतात, आयकर पोर्टलवर दिसतात, आणि कर तेवढा बसत नसेल तर रिटर्न भरून परत मिळतात. जीएसटी नोंदणी सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत सक्तीची नाही. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावू नका.

रॉ फुटेज, म्हणजे एडिट न केलेलं शूटिंग, फुकट मागतात. द्यावं का?

फुकट नाही. पण कायदा काय म्हणतो ते माहीत असू द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन करून घेतलेल्या फोटोचा आणि फिल्मचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा असतो. म्हणजे आपण शूट केलेला शॉट स्वतःच्या जाहिरातीत वापरायचा असेल, तर तशी परवानगी कोटेशनमध्येच घ्यावी लागते. मी तिथेच दोन ओळी टाकतो: एडिट केलेला व्हिडिओ ठरलेल्या दरात, रॉ फुटेज हवं असल्यास हार्ड डिस्क आणि निवडून देण्याचे वेगळे पैसे, आणि नमुना म्हणून काही शॉट वापरायची मला मुभा.

"या वेळी कमी घे, पुढे भरपूर काम देतो" म्हणाले तर?

पुढच्या पाच कामांच्या तारखा आणि अ‍ॅडव्हान्स आत्ता मागा, आणि सवलत पाचव्या कामाच्या बिलात द्या.

सुरुवातीला दर कमी सांगून बसलो. आता वाढवू कसा?

हंगामाच्या मध्ये वाढवू नका. लग्नसराई सुरू होण्याआधी, दिवाळीनंतर लगेच, नेहमीच्या प्रत्येक ग्राहकाला स्वतः फोन करा आणि मग लेखी कळवा: अमुक तारखेनंतरच्या बुकिंगला नवा दर, आधी घेतलेल्या तारखा जुन्याच दराने. कारणं लांबवू नका, विमा आणि बॅटरीचा खर्च एवढं पुरतं.

मी हे केलं तेव्हा अकरा फोटोग्राफर माझ्याकडून काम करून घेत होते. तिघांनी फोन करणं बंद केलं. तो हंगाम मला जड गेला, खोटं कशाला सांगू. पण उरलेल्या आठांच्या कामात आधीच्या अकरांइतके पैसे आले, आणि मोकळ्या झालेल्या दिवसांत मी खाणींची मोजणी शिकून घेतली. तिघांपैकी एकजण माघातल्या एका लग्नासाठी परत आला. नवा दर त्याला आधीच माहीत होता, त्याने फक्त तारीख विचारली.